फिनिक्स पार्क ते माणकेश्वर

(१)

बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यांत नांदूरघाट नांवाचें गांव आहे. बालाघाटाच्या आश्रयानें वसलेल्या या मुलखांतून दक्षिणेकडे निघालें म्हणजे मांजरा नदी लागते, आणि ती ओलांडून भूम-परांड्याच्या बाजूस वळलें कीं माणकेश्वराचा टापू येतो. आजच्या नकाशावर हा प्रदेश बीड व धाराशिव अशा दोन जिल्ह्यांत वांटला गेला असला, तरी सव्वादोनशें वर्षांपूर्वीं तो एकाच दैवाचा वांटेकरी होता. पुण्याची पेशवाई आणि हैदराबादची निजामशाही यांच्या सीमेवरचा हा पट्टा. कोणाची ना कोणाची फौज येथून गेली नाहीं असें वर्ष क्वचितच उजाडे. अशाच एका फौजेचा नायक इ. स. १८०४ च्या फेब्रुवारीच्या आरंभीं या मुलखांतून रात्रभर चालत गेला. तो आयर्लंडांतील एका अर्लचा मुलगा होता. बारा वर्षांपूर्वीं डब्लिनच्या मैदानावर तो क्रिकेट खेळला होता. आणि अकरा वर्षांनंतर वाटर्लूच्या रणांगणावर तो नेपोलियनचा पराभव करणार होता. त्याचें नांव आर्थर वेलस्ली, म्हणजेच पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन.

वेलिंग्टनचीं चरित्रें पुष्कळ आहेत. त्यांत असईच्या लढाईला एखादें प्रकरण मिळतें. माणकेश्वराच्या धांवेला चार ओळी मिळतात. आणि क्रिकेटला एक म्हण मिळाली आहे. वाटर्लूची लढाई ईटनच्या क्रीडांगणावर जिंकली गेली असें तो म्हणाल्याचें सांगतात, आणि तें वाक्य आमच्या शाळांतूनही खेळाच्या महत्त्वाविषयीं बोलतांना सर्रास उच्चारलें जातें. या म्हणीला आधार किती, आणि ज्या मुलखांत या सेनापतीचें खरें शिक्षण झालें त्या मुलखाच्या पदरांत काय पडलें, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें योजिलें आहे.

(२)

प्रथम त्याच्या कुळाविषयीं थोडें सांगणें अवश्य आहे. आर्थरचा जन्म इ. स. १७६९ मध्यें डब्लिन शहरांत झाला. बाप गॅरेट वेस्ली हा मॉर्निंग्टनचा पहिला अर्ल. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजांत तो संगीताचा अध्यापक होता आणि रचनाकार म्हणूनही त्याचें नांव होतें. घराण्याची वडिलोपार्जित जागा मीथ परगण्यांतील डँगन येथें होती. या घराण्याला आयरिश म्हणावयाचें तें अशा अर्थानें कीं, त्याची जमीन, पदवी आणि वस्ती आयर्लंडांत होती. वंशानें तें इंग्रज व धर्मानें प्रॉटेस्टंट होतें. आणि ज्या कॅथलिक कुळांच्या कष्टावर अशीं घराणीं पोसलीं जात, त्या कुळांना त्या काळीं पार्लमेंटांत बसण्याचाही अधिकार नव्हता. परक्या देशांत मूठभर लोकांनीं राज्य करावें आणि ती गोष्ट स्वाभाविक मानावी, हा धडा या वर्गाला घरींच मिळत असे. पुढें १८२९ मध्यें कॅथलिकांना तो अधिकार देणारा कायदा मंजूर झाला, तेव्हां इंग्लंडचा पंतप्रधान हाच वेलिंग्टन होता, हेंही येथेंच नमूद केलें पाहिजे.

घराण्याचें नांव प्रथम वेस्ली असें लिहीत. वेलस्ली हें रूप १७९८ पासून रूढ झालें. म्हणून क्रिकेटच्या नोंदींत आढळणारा वेस्ली आणि असईचा वेलस्ली हे दोन पुरुष नसून एकच होत.

बाप १७८१ मध्यें वारला. त्याच वर्षीं आर्थरला ईटनच्या शाळेंत घातलें, आणि १७८४ मध्यें तेथून काढून घेतलें. धाकटे भाऊ अधिक हुशार, घरची स्थिति ओढगस्तीची, म्हणून याच्यावरील खर्च वांचविला, असें चरित्रकार सांगतात. ईटनमधील त्याच्याविषयीं जी आठवण टिकून राहिली ती खेळांतील नसून एका सहाध्यायाशीं झालेल्या मुष्टियुद्धाची आहे. पुढें फ्रान्सांत आंजे येथील अश्वशाळेंत तो घोड्यावर बसावयास व फ्रेंच बोलावयास शिकला. १७८७ मध्यें त्याला लष्करांत सर्वांत खालची अधिकाऱ्याची जागा मिळाली. मग डब्लिनच्या किल्ल्यांत तो आयर्लंडच्या लॉर्ड लेफ्टनंटचा एडिकाँग झाला. आणि १७९० मध्यें घराण्याच्या हातांतील ट्रिम या गांवातर्फें आयरिश पार्लमेंटांत जाऊन बसला. मेजवान्या, नाच, जुगार, कर्ज आणि फावल्या वेळीं सारंगी असा त्या वर्षांचा त्याचा क्रम होता. कॅथरिन पाकनहॅम या तरुणीला त्यानें मागणी घातली. तिच्या घरच्यांनीं ती नाकारली. तेव्हां १७९३ च्या सुमारास त्यानें सारंगी जाळून टाकली आणि शिपाईगिरीकडे गंभीरपणें लक्ष दिलें. तेरा वर्षांनीं, हिंदुस्थानांतून कीर्ति मिळवून परत गेल्यावर, १८०६ मध्यें, तिच्याशींच त्याचा विवाह झाला.

(३)

या उनाड वर्षांतच त्याचा क्रिकेटशीं संबंध आला. इ. स. १७९२ च्या ऑगस्ट महिन्यांत डब्लिनच्या फिनिक्स पार्कमध्यें डब्लिनची शिबंदी विरुद्ध अखिल आयर्लंड असा सामना झाला. आयर्लंडांतील क्रिकेटची ही सर्वांत जुनी नोंद मानली जाते. पैज एक हजार गिनींची होती. आर्थर वेस्ली अखिल आयर्लंडच्या बाजूनें खेळला. त्यानें पहिल्या डावांत ५ व दुसऱ्या डावांत १ धांव केली, आणि त्याचा पक्ष एक डाव व ९४ धांवांनीं हरला.

शिबंदीच्या बाजूस कर्नल चार्ल्स लेनॉक्स होता. क्रिकेटचा खरा षोकी म्हणावयाचा तर तो हा लेनॉक्स. लंडनांत लॉर्ड्सचें मैदान ज्या सरदारांच्या पाठबळावर निघालें त्यांत त्याची गणना होते. तोच पुढें रिचमंडचा ड्यूक झाला. १८०७ मध्यें तो आयर्लंडचा लॉर्ड लेफ्टनंट म्हणून गेला तेव्हां त्याचा मुख्य चिटणीस वेलस्लीच होता. १८१५ च्या जूनमध्यें तो सहकुटुंब ब्रुसेल्स येथें राहात होता, वाटर्लूपूर्वीं ता. १५ जूनच्या रात्रीं जो प्रसिद्ध नाच झाला तो त्याच्याच पत्नीनें दिलेला. त्या नाचाच्या थोडेच दिवस आधीं वेलिंग्टन रिचमंडची कन्या लेडी जेन हिला घेऊन आँगियाँ येथें गेला होता, आणि निमित्त होतें तेथें चाललेला क्रिकेटचा सामना पाहण्याचें. नेपोलियनची फौज सरहद्दीकडे सरकत असतां सेनापतीनें खेळ पाहावयास जावें, यांत बेफिकिरी थोडी आणि लोकांचा धीर टिकविण्याची युक्ति अधिक होती, असें आमचें मत आहे.

आतां त्या म्हणीकडे वळूं. वेलिंग्टन १८५२ मध्यें वारला. ईटनच्या क्रीडांगणाचें तें वाक्य त्याच्या हयातींत छापलेलें आढळत नाहीं. तें प्रथम आलें तें १८५५ च्या सुमारास, मोंतालांबेर या फ्रेंच लेखकाच्या ग्रंथांत, आणि त्यानंतर तोंडोतोंडीं घडत घडत आजच्या रूपास पोंचलें. जो मुलगा तीन वर्षांत शाळेंतून काढला गेला, आणि ज्याच्या शाळेंत त्या काळीं आजच्यासारखे सक्तीचे सांघिक खेळ नव्हते, त्यानें आपल्या सर्वांत मोठ्या विजयाचें श्रेय तेथील मैदानाला द्यावें हें संभवनीय दिसत नाहीं. दुसरी एक गोष्ट त्याच्या नांवावर घालतात ती अशी: १८४१ मध्यें ब्रिटिश लष्कराच्या प्रत्येक बरॅकीस जोडून क्रिकेटचें मैदान असावें अशी आज्ञा निघाली, तिचें श्रेय वेलिंग्टनला देण्याचा प्रघात आहे. परंतु १८४१ मध्यें सरसेनापतीच्या जागीं लॉर्ड हिल होता; वेलिंग्टन त्या जागेवर पुनः आला तो १८४२ मध्यें. त्या आज्ञेस त्याची संमति असणें शक्य आहे. पण संमति आणि कर्तृत्व यांत अंतर असतें. येणेंप्रमाणें, क्रिकेट त्याला प्रिय नव्हतें असें नव्हे; तथापि त्याच्या यशाचें मूळ क्रिकेटच्या मैदानांत शोधणें हें पुढच्या पिढ्यांनीं रचलेलें भाष्य होय.

(४)

मग तें मूळ कोठें शोधावयाचें? आमच्या मतें तें दख्खनच्या वाटांवर शोधावें.

१७९७ च्या फेब्रुवारींत तो आपली ३३ वी पलटण घेऊन कलकत्त्यास उतरला. पुढच्याच वर्षीं त्याचा वडील भाऊ रिचर्ड हा गव्हर्नर जनरल होऊन आला, आणि धाकट्याच्या उत्कर्षाला वाट मोकळी झाली. १७९९ मध्यें श्रीरंगपट्टण पडल्यावर तेथील कारभार त्याच्याकडे आला. १८०० मध्यें धोंडजी वाघाचा त्यानें कित्येक आठवडे पाठलाग केला, आणि ता. १० सप्टेंबरला लढाईंत धोंडजी मारला गेला. त्याचा लहान मुलगा सलाबतखान छावणींत सांपडला. त्याच्या संगोपनाची तजवीज वेलस्लीनें केली आणि हिंदुस्थान सोडतांना त्याच्यासाठीं पैसेही ठेवले. माणूस कठोर होता, पण निर्दय नव्हता, एवढें यावरून म्हणतां येतें.

धोंडजीच्या पाठलागांत त्याला जें शहाणपण आलें तें असें: या देशांत लढाई जिंकतो तो बैल. पायदळाला रोज तांदूळ पाहिजे, तांदूळ वाहून नेण्यास बैल पाहिजेत, आणि बैल चालले तरच तोफा चालतात. म्हैसूरच्या सरकारी खिल्लारांतील बैल त्यानें जातीनें लक्ष घालून जोपासले. धान्यासाठीं त्यानें लमाण-बंजाऱ्यांच्या तांड्यांशीं करार केले. बालाघाटांतील वाचकांस तांडा काय वस्तु आहे हें सांगावयास नको. हजारों बैलांच्या पाठीवर गोणी घालून मुलुखभर फिरणारे हे लोक दोन्ही पक्षांच्या फौजांना धान्य पुरवीत, आणि ज्याच्याकडे तांडे वळत त्याची फौज टिके. नद्या पूर आल्यावर ओलांडतां याव्यात म्हणून टोपल्यासारख्या, वर कातडें मढविलेल्या होड्या तो तयार करवी. त्याचीं पत्रें पाहिलीं तर त्यांत शौर्याचीं वर्णनें थोडीं, आणि चारा, मीठ, चाकें, बैलांचे खूर यांचा ऊहापोह फार. क्रिकेटच्या मैदानावर यांपैकीं एकही गोष्ट शिकतां येण्याजोगी नव्हती.

(५)

आतां या मुलखाची तेव्हांची स्थिति पाहूं. १७९५ च्या मार्च महिन्यांत खर्डा येथें निजामअलीचा पराभव झाला, आणि तापीपासून परांड्यापर्यंतचा पट्टा मराठ्यांना देण्याचें त्यानें कबूल केलें. त्याच वर्षीं सवाई माधवराव वारला, पुण्यांत वारसाचा घोळ सुरू झाला, आणि दिलेल्या मुलखाचा बराच भाग निजामाकडे परत गेला. सरहद्द कोणाची हें ठरत नव्हतें. वसुलाला मात्र दोन्हीकडचे लोक येत. १८०२ च्या ऑक्टोबरांत यशवंतराव होळकरानें पुण्याजवळ पेशवा व शिंदे यांच्या फौजांचा मोड केला. त्याच्या स्वारींत नगरच्या बाजूचीं गांवेंच्या गांवें उजाड झालीं. बाजीरावानें पळून जाऊन डिसेंबरच्या अखेरच्या दिवशीं वसई येथें इंग्रजांशीं तह केला. त्या तहाची अंमलबजावणी करण्यासाठीं वेलस्ली म्हैसूराहून निघाला. पुणें जाळलें जाणार अशी वार्ता ऐकून शेवटचे ६० मैल त्यानें घोडदळासह ३२ तासांत तोडले, आणि ता. २० एप्रिल १८०३ रोजीं तो पुण्यास पोंचला. ता. १३ मे रोजीं बाजीराव गादीवर बसला. त्या वर्षीं दख्खनमध्यें पाऊसही दगा देऊन गेला. येणेंप्रमाणें लूट, दुष्काळ आणि नवें युद्ध हीं तिन्ही संकटें एकाच शेतकऱ्याच्या दारीं एकाच वर्षीं आलीं.

युद्धाचा तपशील सर्वश्रुत असल्यामुळें थोडक्यांत देतों. ता. ८ ऑगस्टला नगरची पेठ शिड्या लावून घेतली गेली व ता. १२ ला किल्ला पडला. महिनाअखेर वेलस्ली गोदावरी उतरून औरंगाबादेस आला. ता. २३ सप्टेंबर रोजीं भोकरदनच्या बाजूस, केळणा व जुई या नद्यांच्या दुआबांत, शिंदे व भोसले यांच्या सेनेशीं त्याची गांठ पडली. नदीला उतार नाहीं असें वाटाड्यांनीं सांगितलें. परंतु नदीच्या दोन्ही तीरांवर समोरासमोर दोन गांवें आहेत हें त्यानें पाहिलें, आणि दोन शेजारगांवांत येण्याजाण्याची वाट असलीच पाहिजे असा तर्क केला. उतार निघाला. ज्या वहिवाटेनें पिंपळगांव व वरुडचीं माणसें रोज ये-जा करीत, तिनेंच असईची लढाई इंग्रजांच्या पदरांत टाकली. ९८ तोफा हातीं लागल्या. परंतु त्याच्या पक्षाचे ४२८ ठार, ११३८ जखमी व १८ बेपत्ता झाले. ७४ व्या पलटणीचा जवळजवळ नाशच झाला. शिंद्यांची कवाइती पलटणें व त्यांचे गोलंदाज तोफांपाशींच मेले, जागा सोडून हलले नाहींत. आपल्या सर्व लढायांत उत्तम कोणती असें म्हातारपणीं विचारलें असतां त्यानें वाटर्लूचें नांव न घेतां असईचें घेतलें. त्या उत्तरांत या गोलंदाजांच्या शौर्याची कबुली आहे असें आम्ही समजतों. वाटर्लूचें श्रेय ईटनला देणाऱ्यांनीं हें उत्तर लक्षांत ठेवावें.

या युद्धांत मराठे एकाच बाजूस नव्हते. बापू गोखले व निपाणीकर अप्पा देसाई हे पेशव्याचे सरदार वेलस्लीच्या छावणींत होते. नोव्हेंबरांत आडगांव, डिसेंबरांत गाविलगड, आणि मग ता. १७ डिसेंबरला भोसल्यांशीं देवगांवचा व ता. ३० ला शिंद्यांशीं सुर्जी-अंजनगांवचा असे दोन तह झाले. कागदावर शांतता झाली.

(६)

ती कागदावरच राहिली. तहानंतर पांच आठवडेही झाले नव्हते, तोंच परांडा, वैराग, भूम या टापूंत एक मोठी सशस्त्र टोळी निजामाच्या मुलखांत खंडणी वसूल करीत फिरत असल्याची वार्ता वेलस्लीला लागली. तिच्याजवळ तोफा होत्या, बाजार होता, पायदळ होतें. म्हणजे ती रानांत दबा धरणाऱ्या दहावीस चोरांची टोळी नव्हती, मोडलेल्या सैन्याचा तो एक तुकडाच होता.

वेलस्लीनें इंग्रज घोडदळ, ७४ व्या पलटणींतून उरलेले गोरे, मद्रासी शिपायांची एक पलटण व इतर पलटणींतून निवडलेले लोक, आणि म्हैसूरचे व पेशव्याचे स्वार एवढे बरोबर घेतले. ता. ४ फेब्रुवारी १८०४ रोजीं सकाळीं सहा वाजतां तो निघाला, आणि वीस मैल चालून परांड्याजवळ आला. त्याच्या पत्रांत या मुक्कामाचें नांव सैलगांव असें पडलें आहे. तें परांड्याजवळचें शेळगांव असावें. तेथें कळलें कीं, टोळी वैरागहून उठून सुमारें चोवीस मैलांवरील एका ठिकाणीं जात आहे. दुपारीं बारा वाजल्यापासून रात्रीं दहापर्यंत त्यानें लोकांस विसांवा दिला, आणि दहा वाजतां पुनः कूच केलें. कृष्णपक्षाची रात्र, अमावास्येस अवघे सहासात दिवस उरलेले, त्यामुळें पहिला अर्धा पल्ला तरी अंधारांतच तोडावा लागला असला पाहिजे. पहांटेपूर्वीं छाप्याचा बेत होता. परंतु वाट वाईट निघाली आणि पोंचावयास सकाळचे नऊ वाजले.

तोंवर टोळीला बातमी लागली होती, तळ उठला होता. वेलस्लीनें घोडदळ पुढें सोडलें. एका टेकडीवरून दुसऱ्या टेकडीवर असा पाठलाग होत होत दुपारीं बारापर्यंत सर्व आटोपलें. माणसें पांगलीं, तोफा, दारूगोळा, बाजार व सामान इंग्रजांच्या हातीं आलें. ता. ५ च्या त्याच्या पत्रांवर जें ठिकाण घातलेलें आहे त्याचें इंग्रजी रूप मुंकैसिर असें आहे. नांवाचा उच्चार, परांडा व वैराग यांच्याशीं असलेली संगति आणि चालीची दिशा हीं तिन्ही जुळतात ती भूम तालुक्यांतील माणकेश्वराशीं. म्हणून तेंच हें गांव होय असें आम्ही मानतों. शिवालयामुळें यात्रेकरूंना माणकेश्वर ठाऊक आहे. या धांवेमुळें तें इतिहासाच्या अभ्यासकांनाही ठाऊक असावयास पाहिजे.

वेलस्लीनें स्वतः हिशेब केला तो असा: चारच्या सकाळीं सहापासून पांचच्या दुपारीं बारापर्यंत तीस तास होतात, त्यांतून विसांव्याचे दहा वजा जातां वीस तासांत पायदळ साठ मैल चाललें. इतके कष्ट सैन्यानें केल्याचें आपण कधीं पाहिलें नाहीं, असें त्यानें लिहून ठेविलें आहे. स्पेन आणि वाटर्लू हीं पुढें व्हावयाचीं होतीं हें खरें. तरी पायदळाच्या चालीचा हा पल्ला कोणत्याही युद्धाच्या इतिहासांत थोरच ठरेल. असईंत चारांत तीन माणसें गमावलेल्या पलटणीनें व तिच्या खांद्याला खांदा लावून मद्रासी शिपायांनीं तो गांठला, याची नोंद करतांना सेनापतीबरोबर त्यांचेंही नांव घेतलें पाहिजे. आयरिश अर्लचा मुलगा घोड्यावर होता. ते पायीं होते.

(७)

आतां पांगलेल्या माणसांचा विचार केला पाहिजे, कारण तो कोणी फारसा केलेला नाहीं. इंग्रजी कागदांत त्यांचा उल्लेख लुटारू म्हणून येतो, आणि आमच्या लेखकांनींही तोच शब्द उचलला आहे. ते लूट करीत होते यांत शंका नाहीं. ज्या गांवांवर ते पडले त्या गांवांना ते शत्रूच होते. आणि त्यांचा मोड झाला त्या दिवशीं भूम-परांड्याच्या पाटील-कुळकर्ण्यांनीं सुटकेचा निःश्वास टाकला असेल, तर त्यांना कोणी दोष देऊं नये.

परंतु ते आले कोठून, याचें उत्तर त्या शब्दांत नाहीं. युद्ध डिसेंबरांत संपलें, पराभूत सरदारांच्या फौजा कमी झाल्या, पगार थकले, नोकरी सुटली. ज्याच्या हातीं तलवार किंवा बंदूक आहे, घरीं जमीन नाहीं, आणि बाजारांत धान्य सोन्याच्या भावानें विकलें जात आहे, असा माणूस दुष्काळाच्या वर्षीं काय करील? कालपर्यंत ज्याला शिपाई म्हणत तोच फेब्रुवारींत लुटारू झाला. मध्यें बदलला तो त्याचा धनी, त्याचा स्वभाव नव्हे. तह लिहितांना किल्ले कोणाकडे जावे, महाल कोणाकडे राहावे याची बारीक तजवीज झाली. मोडलेल्या फौजांतील माणसांनीं काय खावें याची झाली नाहीं. तेरा-चौदा वर्षांनीं, १८१७-१८ मध्यें, पेंढाऱ्यांच्या निमित्तानें इंग्रजांना मोठें युद्ध मांडावें लागलें. त्या युद्धाचें बीज कोणास पाहावयाचें असेल, तर त्यानें माणकेश्वराच्या टेकड्या पाहाव्या.

वेलस्लीला हें कळत नव्हतें असें नाहीं. १८०४ चा दुष्काळ त्यानें डोळ्यांनीं पाहिला. नगर येथें त्यानें उपाशी लोकांना सरकारी कामावर लावून पोटाची सोय केली. फुकट अन्न वांटण्यापेक्षां काम देऊन अन्न द्यावें हें धोरण पुढें दुष्काळी कामांत रूढ झालें, त्याचा एक आरंभ येथें दिसतो. होळकराच्या चांदवडवर चाल करावी अशी वरून सूचना आली असतां, दुष्काळामुळें त्या वाटेवर सैन्याला दाणावैरण मिळणार नाहीं असें त्यानें कळविलें. या दूरदर्शित्वाचें श्रेय त्याला दिलें पाहिजे. पण ज्या तांड्यांनीं त्याच्या छावणींत धान्य आणलें, त्यांनीं तें याच मुलखांतून उचललें होतें. एका बाजूस फौजेची गोण भरत होती तेव्हां दुसऱ्या बाजूस कोणाचें तरी पेंव रिकामें होत होतें. हा जमाखर्च एकत्र मांडल्यावांचून त्याच्या कर्तबगारीचें मोल ठरवितां येणार नाहीं.

१८०५ च्या मार्चमध्यें तो हिंदुस्थान सोडून गेला. निजामाचें राज्य त्याच्या मागें १४३ वर्षें टिकलें. बीड व परांड्याचा मुलूख १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानांतच होता.

(८)

राहतां राहिलें क्रिकेट. हा खेळ आमच्या प्रांतांत वेलस्लीनें आणला नाहीं. १७२१ मध्यें खंबायतच्या किनाऱ्यावर इंग्रज खलाशांनीं तो खेळल्याची नोंद आहे, आणि मुंबईच्या पारशांनीं १८४८ मध्यें आपला क्लब काढला तो कोणा सरदाराच्या प्रेरणेवांचून. क्रिकेटचा खरा भोक्ता असा राज्यकर्ता मुंबईला लाभला तो १८९० ते १८९५ या वर्षांत. परंतु तो लॉर्ड हॅरिस केंटचा होता, आयरिश नव्हे. त्याच्याही आधीं मुंबईचीं मुलें मैदानावर खेळूं लागलीं होतीं. हा खेळ येथल्या लोकांनीं पाहून, उचलून, आपलासा केला. तो त्यांना कोणीं दिला नाहीं.

सारांश, फिनिक्स पार्कवर ५ व १ धांव करून हरलेला तरुण आणि माणकेश्वराच्या टेकड्यांवर साठ मैलांची धांव पुरी करणारा सेनापति यांच्यामध्यें जीं बारा वर्षें गेलीं, त्यांतील मोठा भाग या देशांत गेला. त्याचे गुरु ईटनचे मास्तर नव्हते; म्हैसूरचे बैल, बंजाऱ्यांचे तांडे, गोदेचा पूर, पिंपळगांवचा उतार आणि शिंद्यांचे गोलंदाज हे होते. या गुरूंना त्याच्या चरित्रांत स्थान मिळालें पाहिजे, आणि तें मिळवून देण्याचें काम आमच्या अभ्यासकांचें आहे. केज, भूम, परांडा, बार्शी या भागांतील देशमुख, देशपांडे, पाटील व कुळकर्णी यांच्या घरीं जुन्या दप्तरांचीं गांठोडीं असण्याचा संभव आहे. त्यांत शके १७२५ च्या उत्तरार्धांतील एखादी खंडणीची पावती, एखादी गांव उजाड झाल्याची अर्जी, धान्याच्या भावाचें एखादें टांचण निघालें, तर ता. ५ फेब्रुवारीच्या त्या इंग्रजी पत्रासमोर ठेवावयास दुसऱ्या बाजूचा एक तरी कागद मिळेल. ज्यांच्या घरीं असें दप्तर असेल त्यांनीं तें वाळवीच्या स्वाधीन न करतां वाचवावें, व नक्कल करून मंडळाकडे पाठवावें, एवढी विनंति करून हा लेख पुरा करतों.